पत्र्यांना पांढरा रंग द्यावा की गल्लीवर मांडव घालावा?

प्रश्न (वाळूज)
आमची वस्ती औद्योगिक वसाहतीलगत आहे आणि बहुतेक खोल्या पत्र्याच्या आहेत. रात्रपाळीहून आलेले कामगार दुपारी ओले पोते अंथरून झोपतात आणि तासाभरात ते पोते वाळलेले असते. नळाला पाणी आठवड्याने येत असल्यामुळे कूलर परवडत नाही. बचत गटाकडे थोडी शिल्लक आहे. त्यातून पत्र्यांना चुना मारावा असे काही जणींचे म्हणणे आहे, तर काहींना गल्लीवर हिरव्या जाळीचा मांडव हवा आहे. काय करावे?

उत्तर (परभणी)
ताई, आधी छप्पर. मांडवामुळे गल्लीत सावली होईल, पण पत्र्याखाली झोपलेल्याला त्याचा उपयोग नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्यात जोडले गेले.

चुना मात्र सिमेंटच्या स्लॅबवरच धरतो. पत्र्यावर त्याचे पोपडे सुटतात आणि पहिल्याच वळवाच्या पावसात तो वाहून जातो. तारेच्या ब्रशने गंज खरवडून, प्रायमर देऊन, छपरासाठीच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत.

उत्तर (लातूर)
नवा चकचकीत पत्राही ऊन परतवतो, पण एकदा तापला की साठलेली उष्णता सहजासहजी बाहेर टाकत नाही. पांढरा रंग ही दोन्ही कामे करतो. तरीही आमच्या जुन्या माळवदाच्या घराची सर त्याला येणार नाही, कारण तिथे डोक्यावर मातीचा जाड थर असे आणि पत्र्याला जाडीच नसते. शक्य असल्यास पत्र्याखाली चार बोटे अंतर सोडून बांबूची चटई बसवावी, मात्र विजेच्या तारांपासून दूर. धूळ बसली की रंगाचा गुण कमी होतो, म्हणून रंग संक्रांतीनंतर, ऊन तापण्यापूर्वी द्यावा.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
रंगाइतकेच महत्त्वाचे म्हणजे खोल्या कोणाच्या आहेत हे पाहावे. आमच्या गल्लीत भाडेकरूंनी वर्गणी काढून पत्रे रंगवले आणि पुढच्याच वर्षी ‘खोली थंड आहे’ म्हणून भाडे वाढले! दुसऱ्या खेपेस आम्ही निम्मा खर्च घरमालकांकडून घेतला आणि दोन वर्षे भाडे वाढवणार नाही, असे वहीत लिहून त्यांच्या सह्या घेतल्या.

प्रश्नकर्ती
वहीचे आम्हाला सुचलेच नव्हते. रविवारी मालकांना गटाच्या बैठकीला बोलावले आहे. त्यांनी सह्या केल्या, तर पहिला पत्रा बाळंतिणीच्या खोलीचा आणि नंतर रात्रपाळीवाल्यांचे, असे ठरले आहे.