हिंजवडी आयटी पार्कच्या आधी कशी होती?

नवा_भाडेकरू:
फेज वनजवळ राहायला आलोय. एवढ्या मोठमोठ्या कंपन्या, टॉवरवर टॉवर, आणि बोर्ड बघतो तर ग्रामपंचायतीचा, सोसायटीला पाणी टँकरचं. पलीकडे वाकडला महापालिका आहे मग इथे का नाही? आयटी यायच्या आधी इथे होतं काय, कुणी जुनं माणूस सांगेल का

मुळशीचा_गडी:
भात, ऊस, दुभती जनावरं, दुसरं काय असणार. इथे साखर कारखाना निघायचा होता, शरद पवार भूमिपूजनाला आले आणि म्हणाले कारखाना दुसरीकडे न्या, इथे आयटी करू, हा किस्सा ते स्वतःच भाषणात सांगतात. कारखाना गेला कासारसाईला. एमआयडीसीने जमिनी घेतल्या, रस्ते, पाणी, लाईट केली पण ती त्यांच्या हद्दीपुरती, आणि बाहेर गावच्या शेतांत जे टॉवर उठले ते बैलगाडीच्या वाटेवर, तुम्ही रोज ज्या ट्रॅफिकला शिव्या घालता ना ती तीच वाट. वाकड १९९७ ला पिंपरी-चिंचवडमध्ये गेलं, आम्ही ग्रामपंचायतीतच राहिलो. नंतर पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आलं २०१५ ला. आता खड्डा कुणाचा विचारलं की ग्रामपंचायत, एमआयडीसी, पीएमआरडीए तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

हडपसरकर:
सगळीकडे असंच झालं असं नाही हं. आमच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी बिल्डरला जमीन विकलीच नाही, सुमारे १२० कुटुंबांनी ४०० एकर एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याला शेअर. सतीश मगर पुढे होते. २००० च्या सुमारास काम सुरू झालं, रस्ते-ड्रेनेज आधी आखले. नंतर सिंहगड रोडची नांदेड सिटी त्याच पद्धतीने.

मुळशीचा_गडी:
दादा तुमचं रान सलग आणि भावकी बहुतेक एकच. आमच्याकडे सरकारी नोटीस आली, शेअर कुठून मागणार? पैसे आले, कुणी खोल्या बांधून भाडं खातंय, कुणाची फॉर्च्युनर आली आणि हप्त्यात गेली. एक मात्र सुटलं नाही, म्हातोबाचं बगाड, म्हणजे ग्रामदैवताच्या यात्रेतला मोठा लाकडी गाडा. हिंजवडीवरून हायवे ओलांडून वाकडला जातं, आयटीवाले बाल्कनीतून व्हिडिओ काढतात.

नवा_भाडेकरू:
अरे वा, हे माहीतच नव्हतं. कधी असतं?

मुळशीचा_गडी:
चैत्र पौर्णिमेला. गाडी काढू नका त्या दिवशी, कॅब तर विसराच, चालत या.