पोस्ट काढली गेली, कारण कळलं नाही: तुमचे अनुभव लिहा

समाजमाध्यमाच्या नियमांमुळे तुमची पोस्ट कधी काढली गेली आहे का? किंवा तुम्ही तक्रार करूनही एखादी वाईट पोस्ट तशीच राहिली? दोन्ही बाजूंचे अनुभव हवे आहेत. नियम नकोतच असं माझं म्हणणं नाही. पण चारचौघांत काय बोलता येईल, हे आता बऱ्याच अंशी या कंपन्या ठरवतात आणि ते कसं ठरतं हे आपल्याला दिसत नाही. कंपनीचं नाव नको, घडलं ते लिहा.

निळीशाई
आत्महत्येच्या विचारांतून बाहेर आलेल्यांचा एक गट मी चालवते. 'आत्महत्या' हा शब्द लिहिला की पोस्ट मागे पडते, म्हणजे कमी लोकांना दिसते, असं सगळे म्हणतात. खरं-खोटं कंपनी सांगत नाही. त्यामुळे आम्ही अक्षरांमध्ये टिंबं घालून लिहू लागलो. पण मध्यरात्री ज्याला आधार हवा असतो, तो शब्द सरळ टाइप करून शोधतो आणि आमचं लिखाण त्याला सापडतच नाही. मला याचा फार त्रास होतो.

शुश्रूषा
मी परिचारिका आहे. स्तनांची तपासणी घरी कशी करावी याची रेखाचित्रं टाकली होती. 'नग्नता' म्हणून लगेच काढली. अपिलाला उत्तर नाही. माझं माध्यम वेगळं होतं, पण ब्राझीलमध्ये स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी एक पोस्ट इन्स्टाग्रामच्या स्वयंचलित यंत्रणेने २०२० मध्ये अशीच काढली होती. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकच्या देखरेख मंडळाने (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अशा निर्णयांची फेरतपासणी करणारं मंडळ) ते चुकीचं ठरवलं.

वाटसरू
खातं काही दिवस बंद. कारण: 'समुदायाचे नियम'. कुठला नियम, कुठली पोस्ट, काही नाही.

उंबरठा
माझा अनुभव उलटा आहे. एका लेखानंतर मला बलात्काराच्या धमक्या आल्या. प्रत्येक धमकीची तक्रार केली आणि 'नियमभंग आढळला नाही' हेच उत्तर आलं. शेवटी मी लिहिणंच थांबवलं. माझी एकही पोस्ट कुणी काढली नाही, तरी माझा आवाज गेलाच ना? स्वातंत्र्याची चर्चा करताना आमच्यासारख्यांना मोजा.

जुनाकर्मचारी
तक्रार आलेल्या पोस्ट तपासायचं काम मी केलंय. एका पोस्टला काही सेकंद मिळायचे. मागचापुढचा संदर्भ बहुतेकदा समोर नसायचा. एखाद्या टोळक्याने ठरवून तक्रारी केल्या, तरी आम्हाला फक्त ढीग दिसायचा. व्हिएतनाम युद्धात नापाम (आग लावणारे बॉम्ब) हल्ल्यातून पळणाऱ्या विवस्त्र मुलीचा १९७२ मधला फोटो फेसबुकने २०१६ मध्ये काढला आणि नॉर्वेतून टीका झाल्यावर परत ठेवला. तिथे पंतप्रधानांचीही पोस्ट काढली गेली होती, म्हणून गाजावाजा झाला. सामान्य माणसासाठी कोण ओरडणार?

कलमकसाई
युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात यावर चांगली तरतूद आहे. पोस्ट काढली तर नेमकं कारण द्यावं लागतं, निर्णय यंत्राने घेतला का तेही सांगावं लागतं. सहा महिने मोफत तक्रार करता येते आणि त्या तक्रारीचा निकाल फक्त यंत्रावर सोडता येत नाही. निळीशाई, पोस्ट न काढता नुसती मागे ढकलली, तरी हे कारण द्यावं लागतं.

निळीशाई
हे ठाऊक नव्हतं. गटातले काही जण युरोपात राहतात. त्यांना टिंबं न घालता लिहायला सांगते आणि काय कळवतात ते इथे टाकते.