विषय: कोजागरीच्या मेळाव्यासाठी मोसंबी-डाळिंबाचे पंच

प्रेषक: कार्यक्रम समिती, मराठी मंडळ

आदरणीय सभासदहो, सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या सुट्टीत भारतात गेलेली आपली कुटुंबे आणि त्यांचे नातेवाईक कोजागरीच्या संध्याकाळी जालन्यात एकत्र जमणार आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. साधारण 50 माणसे होतील. मध्यरात्रीचे मसाला दूध ठरलेले आहे; परंतु लोक जमू लागल्यापासून जेवणापर्यंत हातात द्यावयाचे, मद्यविरहित आणि लहान-थोर सर्वांना चालेल असे फळांचे पंच करावे, अशी सूचना आली आहे. येथे आपण या दिवसांत सफरचंदाचा रस दालचिनी, लवंग आणि क्रॅनबेरी घालून मंद आचेवर गरम ठेवतो. तेच तेथे करता येईल काय? सीताफळ घालावे असे एकांनी सुचवले आहे, तर एका कुटुंबाने पंच मांडण्यासाठी घरचे पितळी घंगाळ देऊ केले आहे. जालन्यातील सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

*

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष, मुक्काम जालना

स. न. वि. वि.

प्रथम गरम पंचाचा विचार सोडावा, ही विनंती. आपल्याकडे पानगळ आणि गारठा असेल; येथे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरचे ऊन चांगलेच तापते आणि सूर्य मावळला तरी गच्चीची फरशी बराच वेळ कोमट राहते. अशा वेळी वाफाळता पेला कोणी हातात धरणार नाही. मसाला मात्र आपलाच ठेवू, फक्त तो थंड रसात उतरवू. क्रॅनबेरीही शोधत बसू नये, कारण तिचा रंग आणि तुरटपणा डाळिंब अधिक चांगला देते. शिवाय मोसंबीच्या गावात येऊन डब्यातला सफरचंदाचा रस प्यायचा, हे मला तरी पटत नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि या सुमारास आंबे बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची, फळे बाजारात असतात. साल हिरवट दिसली म्हणून फळ नाकारू नये, कारण उष्ण हवेत पिकलेल्या मोसंबीची सालही हिरवी राहू शकते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागेल ते फळ रसाळ समजावे.

खरी काळजी घ्यायची ती रस काढताना आणि काढल्यानंतर. ताजा असताना साखरेसारखा लागणारा मोसंबीचा रस काही वेळाने कडवट होतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. फळाच्या पांढऱ्या गरात, पाकळ्यांच्या पडद्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असते. ते रसात मिसळले की रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचे लिमोनिन बनते आणि ते अत्यंत कडू असते. म्हणून मोसंबी मिक्सरमध्ये फिरवू नये, कारण बिया भरडल्या की सगळा रस बिघडतो. आडवे काप करून हाताच्या रसयंत्रावर हलक्या दाबाने पिळावे, शेवटच्या थेंबाचा लोभ धरू नये, आणि हे काम पाहुणे येण्याच्या फार तर तासभर आधी करावे. सकाळीच रस काढून फ्रिजमध्ये ठेवण्याची सोय मोहात पाडणारी आहे, पण तीच घातक आहे.

50 जणांना प्रत्येकी एक पेला धरला तर 10 लिटर पंच पुरते. त्यासाठी मोसंबीचा 4 लिटर रस लागेल. एका किलोतून साधारण 400 मिलिलिटर निघतो, म्हणजे 10 किलो फळे आणावीत. डाळिंबाचा दीड लिटर रस घ्यावा आणि तो काढताना दाणे मिक्सरमध्ये एक-दोन झटकेच फिरवून मलमलच्या फडक्यातून गाळावेत, म्हणजे आतील बी भरडले जाऊन तुरटपणा वाढत नाही. आदल्या दिवशी सव्वा लिटर पाण्यात अर्धा किलो साखर, दालचिनीचे चार-पाच तुकडे, ठेचलेले बोटभर आले आणि सात-आठ लवंगा घालून दहा मिनिटे उकळावे. लवंगा लगेच काढून घ्याव्यात, अन्यथा पेयाला दंतमंजनाचा वास येतो. बाकीचा मसाला निवेपर्यंत तसाच राहू द्यावा. मोसंबी गोड असली तरी तिला आंबटपणा फार कमी, त्यामुळे पाव लिटर लिंबाचा रस घातल्याशिवाय पंचाला धार येत नाही. थंडगार सोडा अडीच लिटर, आणि तो अगदी वाढण्याच्या वेळी. काळे मीठ घालायचे असल्यास आधी रसात विरघळवावे, सोड्यावर भुरभुरले तर सारा वायू फसफसून निघून जाईल.

बर्फाचे खडे न घालता उकळून गार केलेल्या पाण्यात डाळिंबाचे दाणे टाकून स्टीलच्या डब्यात मोठा ठोकळा गोठवावा. तो सावकाश वितळतो, त्यामुळे पंच पाणचट होत नाही, आणि दिसतोही देखणा.

सीताफळाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. बालाघाटच्या डोंगरातले बीडचे सीताफळ या दिवसांत अप्रतिम असते. परंतु त्याचा रवाळ गर पातळ पेयात तळाशी बसतो, आणि घाईत एखादी बी चिरडली गेली तर ते अपायकारक आहे. ते बासुंदीत, थंड झाल्यावर घालावे.

*

प्रेषक: कार्यक्रम समिती

आपल्या सविस्तर पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. घंगाळाचा उल्लेख राहिला. तसेच मेळाव्यात मधुमेह असलेले काही ज्येष्ठ सभासद आहेत, आणि मोसंबीनंतर दूध चालेल काय, अशीही विचारणा झाली आहे.

*

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष, मुक्काम जालना

घंगाळ अवश्य आणावे, पण त्यात पंच ओतू नये. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट रस राहिला की तांबे त्यात उतरते आणि पोट बिघडते. कल्हई आहे असे सांगितले तरी ती किती जुनी, हे पाहायला कोण जाणार? घंगाळात बर्फ भरून त्यात स्टीलचे पातेले ठेवावे, म्हणजे शोभाही राहील आणि थंडावाही. मधुमेह असलेल्यांसाठी पाक न घातलेला जग वेगळा ठेवता येईल, परंतु फळांची साखर त्यातही असतेच. म्हणून त्यांना लिंबू, आले, काळे मीठ आणि सोडा एवढेच असलेले पेय देणे अधिक योग्य. दुधाचे म्हणाल तर पंच आठच्या सुमारास आवरते घ्यावे, जेवण मध्ये येतेच, आणि दुधासाठी पेले मात्र दुसरे काढावेत. तळाशी लिंबाचा अंश राहिलेल्या पेल्यात आटीव दूध ओतले तर ते तेथेच नासेल.

मोसंबी मी आदल्या दिवशी बाजारातून आणून ठेवीन. पिळण्यासाठी चार हात आणि दोन रसयंत्रे समितीने पाठवावीत.