घरातले, मळ्यातले मोठे कोळी: तुमचा अनुभव लिहा

पावसाळा लागला की आपल्याकडे घरात, गोठ्यात, केळीच्या बागेत मोठाले कोळी दिसू लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मंडळींनी स्वतः पाहिलेलं लिहावं. विषाबद्दल ऐकीव नको.

यावल, केळीवाला शेतकरी:
कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत, घड कापताना फण्यांमधून चपटा, तपकिरी, लांब पायांचा कोळी सुटतो. हा जाळं विणत नाही, धावून शिकार धरतो. मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाखाली धरून फिरते, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये. घड खांद्यावर असताना कोळी मानेवर उतरला तर माणूस दचकून पडतो, खरा धोका तो. आमचे मजूर कोयता लावण्याआधी घड हलवून घेतात. एकाच्या बोटाला चावला होता. आग झाली, थोडं सुजलं, दुसऱ्या दिवशी गडी कामावर.

शिरपूर तालुका, गृहिणी:
आमचं धाब्याचं घर. छताच्या लाकडी सरांच्या फटीतला कोळी रात्री झुरळं खातो. सासूबाई म्हणतात, "राहू दे वं, काही करत नही तो." मुलाच्या मानेवर लालभडक पट्टा उठला तेव्हा सगळे म्हणाले, कोळी मुतला. डॉक्टरांनी सांगितलं, दिव्याभोवती येणारा काळा-नारिंगी बारीक किडा अंगावर चिरडला की असं होतं. कोळ्यावर उगाच आळ! आता ट्यूबलाइटखाली अंथरूण टाकत नाही.

चोपडा, सातपुड्याच्या पायथ्याचा शिक्षक:
तळहाताएवढा, केसाळ कोळी इथे पाहिला. तो बिळात राहतो, आत रेशमी अस्तर असतं. पावसात नर मादीच्या शोधात निघतात आणि वस्तीत शिरतात. डिवचलं तर पुढचे पाय उचलून उभा राहतो. तिथेच मागे सरावं. याचा दंश फार दुखतो, सूज येते, कधी पेटकेही. दवाखान्यातली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठी असते, कोळ्याच्या विषावर ती चालत नाही. जखमेला चिरा देऊ नका. साबणाने धुवा, थंड पट्टी ठेवा, डॉक्टर गाठा. मुलांना मी एवढंच शिकवतो: बिळात काडी घालायची नाही. घरात आलाच, तर मोठ्यांनी त्यावर डबा उपडा घालून खालून पुठ्ठा सरकवायचा आणि नाल्यापलीकडे सोडायचा.

अमळनेर, कपाशीवाला:
फवारण्या कमी केल्यापासून शेतात कोळी वाढलेत, तुडतुडे खाताना पाहिलेत. वेचणीत कुणाला काही झालं नाही. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जुना ढीग उपसताना मात्र भीती वाटते, तुम्ही तेव्हा काय करता?