मदत हवी आहे : फ्रिजला पाण्याची लाइन जोडायची आहे, टाकीचा दाब पुरेल का?

धागाकर्ता
बर्फ आणि थंड पाणी आपोआप देणारा फ्रिज घेतला आहे. मागे पाण्याचं तोंड आहे, सोबत पाव इंची पांढरा पाइप आणि फिल्टर आलाय. सिंकखालचा गार पाण्याचा अँगल कॉक 4 मीटरवर आहे. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, टाकीतली पातळी फ्रिजच्या तोंडापेक्षा साधारण 4 मीटर वर. आरओ आहे, पण भिंतीवरचा, टाकीला तोटी असलेला. लाइन कुठून घेऊ? फ्रिज गाडीत आडवा घालून आणलाय, लगेच सुरू केला तर चालेल?

प्रतिसाद १
जोडणी सोपी आहे, अडचण दाबाची आहे. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे 14 पीएसआय (दोन्ही दाबाची मापं). तुमच्या 4 मीटरला जेमतेम 5-6 पीएसआय मिळतील. मॅन्युअल उघडून बघा, किमान दाब बहुधा 20 ते 35 पीएसआयच्या दरम्यान लिहिलेला असतो. नुसत्या उंचीवर 20 गाठायला टाकी 14 मीटर वर हवी.

दाब कमी असला की पाणी बारीक येतं, एवढंच होत नाही. फ्रिजच्या मागची झडप विजेने उघडते, पण बंद होताना तिचा पडदा घट्ट बसवायचं काम पाण्याचा दाबच करतो. दाब नसेल तर झडप ठिबकत राहते. ते थेंब बर्फाच्या साच्याकडे जाणाऱ्या नळीतच गोठतात आणि नळी बुजते. शिवाय ठरलेल्या वेळात साचा भरत नाही, म्हणून खडे छोटे आणि पोकळ निघतात. लोक अशा वेळी आइसमेकर बदलायला निघतात, दोष भलतीकडेच असतो!

भिंतीवरच्या आरओच्या टाकीत दाब जवळपास नसतोच, त्यामुळे तोटीवरून थेट लाइन नको. सिंकखाली टी (एका लाइनला फाटा काढणारा जोड) बसवा, फ्रिजसाठी वेगळा कॉक ठेवा आणि पुढे प्रेशर स्विच असलेला, पिण्याच्या पाण्यासाठीचा छोटा डायफ्राम पंप लावा. 40 ते 60 पीएसआयला बंद होणारा पुरे. तो खाली, कॉकजवळच ठेवा. टाकी रिकामी झाल्यावर कोरडा फिरू नये म्हणून लो-प्रेशर स्विचही घ्या.

टी गार पाण्याच्याच लाइनवर. गरम पाण्याने फिल्टर खराब होतो.

आडवा आणलेला फ्रिज जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवून मग सुरू करा, म्हणजे पाइपांत गेलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरतं. पाणी जोडेपर्यंत आइसमेकर बंदच असू द्या, नाहीतर झडप पाण्याविना गुणगुणत बसेल.

प्रतिसाद २
वर दाबाचं आलंच आहे, मी फक्त जोडांबद्दल लिहितो. गळती तिथेच होते.

पाइप कात्रीने कापू नका. कात्रीने तोंड चपटं होतं आणि आतली रबरी रिंग नीट धरत नाही. धारदार ब्लेडने काटकोनात कापा. ढकलून बसवायचा जोड असेल तर टोकापासून साधारण 15 मिमीवर पेनाने खूण करा आणि खूण आत जाईपर्यंत ढकला. मग ओढून बघा, हलता कामा नये. नटवाला जोड असेल तर आधी नट, मग फेरूल (नटाने पाइपवर आवळलं जाणारं कडं), पाइपाच्या तोंडात आधाराची छोटी नळी, आणि मग हाताने घट्ट करून पान्ह्याने फक्त अर्धा फेरा.

टेफ्लॉन टेप टीच्या अर्धा इंची आट्यांवर, 6-7 वेढे. फेरूलच्या नटवर अजिबात नको.

पाइपला भोक पाडून बसवायचा क्लॅम्प कॉक कोणी सुचवला तर नाही म्हणा. भोक बारीक, लवकर गाळाने तुंबतं, आणि नंतर काढायचा म्हटला तर तेवढा पाइपच बदलावा लागतो.

फ्रिजमागे 2 मीटर पाइप मोठ्या वेटोळ्यात सोडा, म्हणजे साफसफाईला फ्रिज पुढे ओढता येतो. जोडण्याआधी पाइपाचं टोक बादलीत धरून 3-4 लिटर पाणी वाहू द्या.

धागाकर्ता
पंप बसवला, पाणी येतंय. पण कोणी पाणी घेत नसताना दर दहा मिनिटांनी पंप दोन सेकंद वाजतो. ओल कुठेच दिसत नाही. फ्रिजमागच्या नटवर टेप गुंडाळली होती, ते चुकलं का?

प्रतिसाद २
तिथेच झिरपत असणार. टेपमुळे फेरूल वाकडी बसते. आधी खात्री करा: पंपानंतर, फ्रिजच्या अगदी जवळ कॉक असेल तर तो बंद करा. पंप गप्प राहिला तर गळती कॉकच्या पुढे. मग कॉक पुन्हा उघडून नटाखाली कोरडा टिश्यू धरा, पाच मिनिटांत ठिपका उमटेल. पंप आणि कॉक बंद करून, डिस्पेन्सरमधून दाब सोडून नट काढा. पाइपाचं दाबलेलं टोक 2 सेमी कापून टाका आणि नवी फेरूल घाला. जुनी पुन्हा वापरू नका. टिश्यू कोरडा राहिला तर मात्र फ्रिजची झडपच आत ठिबकतेय, साच्यात आणि ट्रेमध्ये बघा.

धागाकर्ता
टिश्यू ओला झाला. टोक कापून नवी फेरूल घातली, रात्रभरात पंप एकदाही वाजला नाही. बर्फ अजून पडला नाही.

प्रतिसाद १
पहिल्या बर्फाला 24 तासही लागतात. डिस्पेन्सरमधून 10-12 लिटर काढून टाका, फिल्टरमधली हवा आणि कोळशाची भुकटी निघेल. पहिले दोन-तीन ट्रे बर्फही फेका. आणि उद्या तो टिश्यू त्याच नटाखाली पुन्हा एकदा धरा.