मृगातला तेजोमेघ (एम ४२): फ्लॅट लावला की कोपरे उजळतात, मदत हवी आहे

कॅनन ६००डी, ४३२ मिमी एफ/६ दुर्बीण. आयएसओ ८००, १२० सेकंदांचे ६० लाइट (आकाशाचे खरे फोटो), ३० फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे फोटो, कोपऱ्यांचा काळोख आणि धुळीचे डाग घालवायला), ५० बायस (झाकण लावून कमीत कमी वेळाचे फोटो). डिदरिंग (फोटोंच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवणं) होतं म्हणून डार्क (झाकण लावून लाइटइतक्याच वेळाचे फोटो) घेतले नाहीत. सिरिल या फोटो-प्रोसेसिंग सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅटमधून मास्टर बायस (सगळ्या बायसची सरासरी) वजा केला आणि लाइटला नुसता तो फ्लॅट लावला. फ्लॅटशिवाय कोपरे काळे येतात, फ्लॅट लावला की मध्य काळा आणि कोपरे उजळ. धुळीचे काळे डोनटही (गोल डागही) पांढरे झालेत. फ्लॅट परत काढू का?

प्रतिसाद
नको, फ्लॅट ठीक आहेत. चूक लाइटमध्ये आहे. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये ठरावीक ऑफसेट, म्हणजे एक जादा आकडा, मिळवतो; बायसमध्ये तोच नोंदलेला असतो. कॅननच्या बऱ्याच १४ बिट बॉडींत तो २०४८ च्या आसपास असतो. तो तुम्ही फ्लॅटमधून काढला, लाइटमध्ये तसाच ठेवला.

आकडे घालून बघा. आकाशाचा उजेड मध्यात १०००, कोपऱ्यात ७०० धरा. ऑफसेटसकट ३०४८ आणि २७४८. फ्लॅटने (मध्यात १, कोपऱ्यात ०.७) भागल्यावर मध्य ३०४८ च राहतो, कोपरा मात्र २७४८ ÷ ०.७ = ३९२६! ऑफसेट दुर्बिणीतून आलेलाच नाही, त्यामुळे कोपऱ्यात तो कमी होत नाही, तरी भागाकार त्यालाही फुगवतो. तोच मास्टर बायस आधी लाइटमधून वजा करा, मग फ्लॅट लावा. बायस फ्लॅटमधून काढायचा राहिला असता, तर उलट कोपरे थोडे काळेच राहिले असते.

मूळ प्रश्नकर्ता
डोनट गेले, मनापासून आभार! आता एका बाजूला नारिंगी पट्टा उरलाय. जागा मुंबईच्या पूर्वेची वांगणी, शेवटचा तासभर मृग पश्चिमेला कलला होता. शिवाय ट्रॅपेझियमचा (तेजोमेघाच्या गाभ्यातल्या ताऱ्यांच्या झुबक्याचा) नुसता पांढरा गोळा झालाय.

प्रतिसाद
पट्टा म्हणजे मुंबईचा उजेड. तो वरून मिळवला गेलेला असतो, म्हणून भागाकाराने जात नाही, वजाच करावा लागतो. स्ट्रेच करण्याआधी (म्हणजे पुसट भाग उजळवण्याआधी) सिरिलमधलं बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन करा: पॉलिनोमियल, डिग्री १ (सरळ उतार). पार्श्वभूमी मोजायला सॉफ्टवेअर टाकतं त्यांपैकी तेजोमेघावर आणि उत्तरेकडच्या रनिंग मॅन तेजोमेघावर पडलेले नमुना-ठिपके एकेक करून हाताने काढा. नाहीतर भोवतालची पुसट धूळही वजा होईल, आणि या भागाची खरी शोभा तीच आहे.

ट्रॅपेझियम १२० सेकंदांत सॅच्युरेट झालंय (पिक्सेल पूर्ण भरलेत), प्रोसेसिंगने परत येणार नाही. त्याच आयएसओला ५ ते १० सेकंदांचे ३० लाइट घ्या, वेगळे स्टॅक करा (एकत्र करून एक फोटो बनवा), १२० सेकंदांच्या स्टॅकशी जुळवून घ्या आणि मास्कने (निवडलेला भागच बदलणाऱ्या थराने) फक्त गाभा बदला. मास्क भरपूर ब्लर करा. कड तीक्ष्ण राहिली तर गाभ्याभोवती राखाडी कडं उमटतं.