डिलनचं 'मर्डर मोस्ट फाउल': गाणं की नावांची यादी?

अर्धा सूर:
थेट मुद्द्यावर येतो. बॉब डिलनचं 'मर्डर मोस्ट फाउल' २०२० साली आलं तेव्हा आपण सगळेच भारावलो होतो, एकमेकांना पाठवत सुटलो होतो. आता इतक्या वर्षांनी परत ऐकलं आणि वाटलं, आपण मान तुकवली ती गाण्यापुढे नव्हे, ७८ वर्षांच्या गाणाऱ्यापुढे आणि त्याच्या नोबेलपुढे.

ज्यांना तो घटनाक्रम आठवत नसेल त्यांच्यासाठी: २०१२च्या 'टेम्पेस्ट'नंतर आठ वर्षं त्याचा स्वतः लिहिलेल्या नव्या गाण्यांचा अल्बम नव्हता. मधल्या काळात तो सिनात्राच्या जमान्यातली जुनी गाणी गात बसला होता. आणि मग २७ मार्च २०२०ला, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, काही गाजावाजा न करता हे गाणं सोडलं. १६ मिनिटं ५४ सेकंद. एप्रिलमध्ये 'आय कंटेन मल्टिट्यूड्स', ८ मेला 'फॉल्स प्रॉफेट', आणि तेव्हा कुठे कळलं की जूनमध्ये 'रफ अँड राउडी वेज' नावाचा अल्बम येतोय.

पहिला भाग मला मान्य आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून, डॅलस, १९६३, उघडी गाडी, भर दुपार. अंगावर येतं ते. पण नंतर तो रेडिओवरच्या वुल्फमन जॅकला फर्माइशी सांगायला लागतो त्या काही थांबतच नाहीत. जॅझवाला थेलोनियस मंक वाजव, चार्ली पार्कर वाजव, मूकपटातला बस्टर कीटनही वाजव. यमक जुळलं की नाव आत. तिशीतल्या कुणी हे केलं असतं तर आपण सहाव्या मिनिटाला बंद केलं असतं.

त्याची उतारवयातली खरी कमाल बघायची असेल तर २००० सालचं 'थिंग्ज हॅव चेंज्ड' ऐका. 'वंडर बॉईज' सिनेमासाठी केलेलं, ऑस्कर मिळालेलं. पाच मिनिटांत एक अख्खा विटलेला माणूस उभा राहतो. एक ओळ काढून दाखवा त्यातली.

खरखर:
प्रचंड असहमत.

तुम्ही त्याला यादी म्हणताय आणि मी म्हणतो यादी हाच त्याचा घाट आहे. कीर्तनात नामावळी सुरू झाली की कुणी म्हणतं का, 'बुवा, कथा पुढे न्या'? एक माणूस मारला गेलाय, देश हादरलाय आणि रात्री कुणीतरी रेडिओ लावून बसलंय. शोक करायचा तर कशाने करणार? त्या देशाकडे जे होतं त्याने. ब्लूज, जॅझ, मूकपट, गुंड, जादूगार. म्हणून हूडिनी येतो, प्रीटी बॉय फ्लॉइड येतो, बग्सी सीगलही येतो. संत आणि दरोडेखोर एका पंगतीत बसवलेत, ते काही यमकासाठी नव्हे.

आणि शेवटची फर्माइश कुठल्या गाण्याची आहे ते ऐकलंत ना? याच गाण्याची. म्हणजे सतरा मिनिटं ज्या यादीला तुम्ही नावं ठेवताय, त्या यादीत तो स्वतःचं गाणं शेवटी नेऊन ठेवतो. पूर्वसुरींच्या रांगेत शेवटचा नंबर. याला अहंकार म्हणा नाहीतर नम्रता, पण भरताड म्हणू नका.

उगाच:
सहाव्या मिनिटाला बंद केलं होतं. तिशीतलाही मीच होतो.

बाजाची पेटी:
शब्दांवरून भांडताय म्हणून जरा सुरांकडे वळवतो.

या गाण्याला ठेका नाही. म्हणजे ड्रम आहेत, पण ते मोजून देत नाहीत, नुसते सळसळतात. पियानो आहे, गजाने ओढलेलं व्हायोलिनच्या जातीचं काहीतरी खालून वाहतंय, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत वाजवताहेत. (पियानोवाल्यांत गायिका फिओना ॲपलचं नाव आहे, माहीत नसलेल्यांसाठी.) तो ओळ लांबवतो तेव्हा साथ थांबून राहते, तो घाई करतो तेव्हा मागून पळते. हेडफोन लावून फक्त पियानोचा डावा हात ऐका एकदा. तो कुठेच 'सम' दाखवत नाही. त्यामुळे सतरा मिनिटं गेली की पाच, हे कळायला कानाला खूण मिळत नाही. बंद करणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटणार आणि बसून राहणाऱ्याला गुंगी येणार. कारण दोघांचं एकच.

दुसरं म्हणजे आवाज. २०१२चा 'टेम्पेस्ट' आठवा, घशात नुसती वाळू. २०२०मध्ये तोच माणूस चक्क स्वच्छ गातोय, शब्दाच्या शेवटापर्यंत श्वास पुरतोय. मधल्या तीन अल्बममध्ये, २०१५ ते २०१७, त्याने ५२ जुनी गाणी गायली. 'गात बसला' म्हणून तुम्ही ज्याला मोडीत काढलंत तो रियाज होता. ती गाणी हळू आणि लांब सुरांची, तिथे गुरगुरून भागत नाही. त्याशिवाय 'आय कंटेन मल्टिट्यूड्स' गाताच आलं नसतं. त्यात तर आवाजाला लपायला जागाच नाही.

हिशेबनीस:
एक गैरसमज दूर करू का? 'डिलनला आयुष्यात पहिल्यांदा बिलबोर्डचा पहिला क्रमांक मिळाला तो याच गाण्याने' हे वाक्य जिथेतिथे फिरतं. खरं आहे, पण बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या गाण्यांच्या अनेक याद्या असतात, त्यातली कुठली ते कुणी सांगत नाही. 'रॉक डिजिटल साँग सेल्स'. म्हणजे पैसे मोजून डाउनलोड केलेली रॉक गाणी, तेवढीच. २०२०मध्ये गाणं विकत घेऊन उतरवणारे उरले होते किती? जे होते त्यात आपल्यासारखे जुने भक्तच जास्त. मुख्य यादीत, 'हॉट हंड्रेड'मध्ये, तो कधीच दोनच्या वर गेला नाही. १९६५ साली 'लाइक अ रोलिंग स्टोन' दोनवर अडकलं, पुढच्या वर्षी 'रेनी डे विमेन' पण दोनवरच. आणि त्याच्याच 'मिस्टर टँबरीन मॅन'ला बर्ड्स या बँडने गाऊन एकवर नेलं. नशीब असतं एकेकाचं.

अर्धा सूर:
हिशेबनीस, धन्यवाद, हे माझ्या बाजूने धरतो.

खरखर, नामावळीचं उदाहरण चलाख आहे, पण कीर्तनकाराला समोर बसलेल्यांचे चेहरे दिसतात, कधी आवरायचं ते त्याला कळतं. डिलनने हे गाणं कधी लोकांसमोर गायलंय का? २०२१पासूनच्या दौऱ्यांत त्या अल्बममधली बाकीची नऊ गाणी झाली. हे एकटं नाही. त्यालाही ठाऊक असणार.

आणि तो निष्काळजीपणा कुणी बोलत नाही. त्या फर्माइशींत 'मूनलाइट सोनाटा' तो एफ शार्पमध्ये मागतो. बीथोव्हनची ती रचना सी शार्प मायनरमध्ये आहे. शाळकरी पोरालाही माहीत असतं.

खरखर:
समोर गायलं नाही म्हणून वाईट? अल्बममध्येही ते वेगळ्या तबकडीवर एकटं ठेवलंय. ते बाकीच्यांत बसत नाही हे कबूल, पण न बसणं हा दोष कधीपासून झाला?

एफ शार्पबद्दल: ज्याने उभं आयुष्य गाणी या पट्टीतून त्या पट्टीत फिरवण्यात घालवलं त्याला हे माहीत नसेल असं तुम्हाला वाटतं? मध्यरात्री रेडिओवर फर्माइश करणारा माणूस असाच बोलतो. अर्धवट, आठवणीतून.

अर्धा सूर:
म्हणजे बरोबर असलं तर प्रतिभा आणि चुकलं तर पात्राचा स्वभाव. भक्तांशी वाद घालणं अवघड असतं बुवा.

काळी पट्टी:
तुम्ही दोघं चुकीच्या गाण्यावर भांडताय. अल्बमआधी सोडलेल्या तीन गाण्यांतलं खरं अडचणीचं गाणं 'फॉल्स प्रॉफेट' आहे.

त्याची चाल, तो गिटारचा झटका, ती रांगडी चालढकल, सगळं गायक बिली 'द किड' एमर्सनच्या 'इफ लव्हिन इज बिलिव्हिंग'चं आहे. १९५४, मेम्फिस, सन रेकॉर्ड्स. दोन्ही पाठोपाठ लावा, दहा सेकंदांत कळेल. वळणाचं साम्य वगैरे नाही, वाद्यांची मांडणीसुद्धा तीच. आणि श्रेय? 'गीत-संगीत: बॉब डिलन'. २०२०मध्ये एमर्सन हयात होता, नव्वदी ओलांडलेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डिलनने आपल्या सहाशेहून जास्त गाण्यांचे हक्क युनिव्हर्सलला विकले. एका गाण्यावर दुसरं नाव टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

बाजाची पेटी:
साम्य शंभर टक्के. पण हा प्रश्न ७८व्या वर्षी उगवलेला नाही. 'ब्लोइंग इन द विंड'ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या 'नो मोर ऑक्शन ब्लॉक'वरून आली हे त्याने स्वतःच मान्य केलंय. लोकगीतांची रीत तशीच, चाल सगळ्यांची, शब्द आपले. २००१च्या अल्बमचं नावच त्याने 'लव्ह अँड थेफ्ट' ठेवलं. चोरी दाराच्या पाटीवर लिहून ठेवणारा हा माणूस.

काळी पट्टी:
पाटी लावली म्हणून चोरीची दक्षिणा होत नाही. लोकगीताचा कर्ता सापडत नाही, म्हणून ते सगळ्यांचं. एमर्सनच्या गाण्याचा कर्ता सापडत होता, फोन केला असता तर उचलला असता. मला ते गाणं आवडतं हो, तिघांत सगळ्यात जास्त आवडतं. म्हणूनच टोचतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची गरज नव्हती इतक्या मोठ्या माणसाला.

खरखर:
याला माझ्याकडे उत्तर नाही. नाव टाकायला हवं होतं.

रात्रपाळी:
उशिरा आलो. मी या तिघांतल्या मधल्या गाण्याबद्दल बोलतो, त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्षच नाही. 'आय कंटेन मल्टिट्यूड्स'मध्ये ॲन फ्रँक, इंडियाना जोन्स आणि रोलिंग स्टोन्स एका दमात येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कानातला हेडफोन काढला होता. छळछावणीत गेलेली मुलगी आणि सिनेमातला टोपीवाला नायक शेजारी? हे काय?

महिनाभराने परत ऐकलं. तेव्हा लक्षात आलं की तो त्यांना एका मापात तोलत नाहीये, त्याच्या डोक्यात ते एकाच खोलीत राहतात एवढंच सांगतोय. माझ्याही डोक्यात राहतात. तिचं पुस्तक आणि तो सिनेमा मी एकाच उन्हाळ्यात पाहिले-वाचले होते. ओळ आजही टोचते, पण आता हेडफोन काढत नाही. शीर्षक कवी व्हिटमनचं आहे, तेही उचललेलंच म्हणा काळी पट्टी, पण तो बिचारा १८९२लाच गेला, फोन लागला नसता.

अर्धा सूर, तुमचं 'थिंग्ज हॅव चेंज्ड' थोर आहे, वादच नाही. पण त्यातल्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही, आणि तेच त्याचं ब्रीद. वीस वर्षांनी त्याच माणसाला बस्टर कीटनपासून बीथोव्हनपर्यंत सगळं वाजवून हवंय. मला हा दुसरा जास्त जवळचा वाटतो. तुम्हाला पहिला. यात गाण्याचा दोष कुठे आला?

अर्धा सूर:
हे मात्र मनात आलं नव्हतं. दोन गाणी मी लांबीवर मोजत होतो.

तरी सतरा मिनिटं जास्तच आहेत. बारा चालली असती.

बाजाची पेटी:
जाता जाता. काल रात्री 'मूनलाइट' एफ शार्प मायनरमध्ये वाजवून पाहिली. खाली नेली तर डावा हात चिखलात रुततो. वर नेली तर ती रात्र राहत नाही, दिवेलागणीची वेळ होते.

अर्धा सूर:
म्हणजे चूकच.

बाजाची पेटी:
चूकच. तीनदा वाजवली.